डोक्यावर नंबर नसलेला माणूस

३ ऑगस्ट २०२५
झाशी

मुग्धाताई,

दोन वर्षांनी तुझी मेल आली आणि पहिलंच वाक्य काय, तर "पणजोबांची कॅसेट घरात आहे का बघ." कशी आहेस नाही, बाबांचा गुडघा कसा आहे नाही. मी मेल खालपर्यंत ओढून बघितली, कुठे तरी माझ्यासाठी एखादी ओळ असेल म्हणून. नव्हती.

कॅसेट सापडत नाही, हे आधीच सांगून टाकते. आईच्या वर्षश्राद्धाला आलीस तेव्हा आख्खा आल्बम बॅगेत घालून घेऊन गेलीस. मी तेव्हा स्पितीत, मला एक फोनसुद्धा नाही. वर मलाच ऐकवलंस, "तू घरात असतेस कधी? तुला काय कळतंय त्या फोटोंतलं?" तेव्हा कॅसेटही नेली असशील आणि विसरली असशील. आपलंच कपाट बघ आधी.

हे मी व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं, पण तिथे तू मला ब्लॉक केलंयस. की मी तुला? आता आठवत पण नाही.

तुझ्या संग्रहालयाच्या नव्या प्रदर्शनाची लिंक उघडली. बाबांना दाखवली तर त्यांचे डोळे भरून आले. हॅलोवे गाव, पोलादाचा कारखाना, १९३७ चा संप, आणि पोस्टरच्या मधोमध आपले रामकृष्ण पणजोबा! झाशीच्या रेल्वे वर्कशॉपातून पळालेला माणूस, मुंबईला बोटीच्या भट्टीत कोळसा टाकायचं काम धरतो, अमेरिकेच्या बंदरात गुपचूप उतरतो, आणि आता तिथल्या भिंतीवर टांगला जातो. त्यांच्या डोक्यावर देवनागरीत एवढं मोठं 'फितूर'. त्याखाली इंग्रजीत, हक्कांच्या वेडाने झपाटलेला माणूस. बाबा म्हणाले, "देखो बेटा, आपल्या घरातला शब्द अमेरिकेत जाऊन बसला." लहानपणापासून हेच ऐकलंय ना आपण? पणजोबांना युनियनचं फितूर, तुला अभ्यासाचं, मला भटकायचं.

खाली लिहिलंय की सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, तुमच्याकडच्या कामगार दिनाला, उद्घाटन. आणि उद्घाटन करणार स्टेला हुडाक. नव्वदी ओलांडलेली बाई. पणजोबा हिच्याच बापाच्या घरी भाडेकरू होते, स्वयंपाकघरात झोपायचे, हिला खांद्यावर घेऊन फिरवायचे. संपात कंपनीच्या माणसांनी तिच्या बापाला घरातून ओढत नेलं, तो परत आलाच नाही. आणि ही बाई सगळ्यांसमोर आपल्या घराण्याचे आभार मानणार आहे. म्हणजे तुझे. छान आहे.

पण एक विचारू? फोटोतले नंबर कुठे गेले?

आल्बममधला फोटो तू नेलास, पण त्याचीच दुसरी प्रत बाबांच्या पलंगावरच्या भिंतीवर फ्रेममध्ये आहे, विसरलीस वाटतं. कारखान्याच्या फाटकासमोर कामगारांचा घोळका, उंचावरून काढलेला. प्रत्येकाच्या टोपीवर पांढऱ्या शाईने बारीकसा आकडा. पणजोबा सोडून. आजोबा सांगायचे, बाकीचे साधे कामगार म्हणून नंबर, पणजोबा पुढारी, पुढाऱ्याला कसला नंबर? तुझ्या पोस्टरवर एकाच्याही डोक्यावर आकडा नाही.

पुसले कुणी?

बकुळ

१० ऑगस्ट

ताई,

"डाग होते, डिझायनरने साफ केले." बस, एवढंच उत्तर? एक ते तेवीस असे ओळीने डाग पडतात? कमाल आहे तुमच्याकडच्या बुरशीची, मोजता येतं तिला.

परवा ऋतुराजच्या मोटरसायकलवर समथरला गेले होते. ऋतुराज म्हणजे माझ्याबरोबर ओरछ्याला गाइडचं काम करणारा, तुला आवडणार नाही असा मुलगा. किल्ला बघायचा होता, पण समथरच्या बाजारातच टायर बसला. पंक्चरवाला म्हणाला, "बैठो बिटिया, टैम लगेगा." मग मी समोशाच्या दुकानात बसून फोनवर, तुझ्या संग्रहालयाच्या लिंकवरून, अमेरिका बघत बसले.

ताई, तू हे सगळं रोज बघतेस आणि मला कधी एक फोटो दाखवला नाहीस! मला वाटायचं अमेरिकेचा इतिहास म्हणजे प्रेसिडेंट लोक आणि घोडे. इथे तर बाया लाटणी घेऊन कारखान्याच्या दारात उभ्या आहेत. काळे कामगार एका बाजूला, गोरे एका बाजूला, आणि मधे एकच शेकोटी, तिच्यावर दोघांचे हात. एका फोटोत माणसं मशीनच्या आडोशाला पत्ते खेळतायत, कारखाना बंद पाडून. आणि रेकॉर्डिंगं! एका खाणकामगाराची बायको गातेय, सुरात बिलकुल नाही, मागे पोर रडतंय, ती गाता गाताच त्याला दटावते आणि परत गाणं धरते. मला तिचं एक अक्षर कळलं नाही. तरी तेच लावून बसले. दुकानवाला म्हणाला, "ये कौन-सा भजन है?"

विषय काय होता? हां, नंबर.

बघता बघता दुसऱ्याच कुठल्या गावाचा फोटो समोर आला. तसंच फाटक, तसाच घोळका, तसाच वरून काढलेला. आणि डोक्यांवर पांढरे आकडे, अगदी आपल्यासारखे. खाली लिहिलेलं मी अनुवादाच्या ॲपमधून वाचलं. कंपनीचे पहारेकरी ऑफिसच्या गच्चीवरून संपवाल्यांचे फोटो काढायचे. मग डोक्यांवर आकडे टाकून फोटो आतल्या माणसासमोर ठेवायचे. आतला माणूस म्हणजे संपवाल्यांतलाच एक, जो गुपचूप सांगायचा, चौदा नंबर अमका, पंधरा नंबर तमका. मग त्या त्या घरी माणसं जायची.

ऋतुराजला दाखवलं. तो म्हणाला, "बकुल, तू हर बात में जासूस बन जाती है. समोसा ठंडा हो रहा है."

समोसा थंडच खाल्ला. मला एकच दिसत होतं. आपल्या फोटोत सगळे फाटकाकडे बघतायत. पणजोबा तेवढे वर बघतायत, नेमके कॅमेऱ्याकडे. वर कोण उभं आहे हे त्यांना कसं माहीत? आणि कंपनीचा फोटो आपल्या घरी आला कसा? जो नावं सांगायला बसला त्याच्या डोक्यावर नंबर कशाला लागेल?

घरी येऊन फ्रेममध्ये चौदा नंबर शोधला, उगाच. पणजोबांच्या शेजारीच आहे. त्याचा हात पणजोबांच्या खांद्यावर आहे. तुझ्या लिंकवर या माणसाचं नाव आहे, मिखाल हुडाक. स्टेलाचा बाप.

तू रोज फोटो बघणारी. तुला हे माहीत नव्हतं?

आणि हो. कॅसेट माझ्याकडे आहे. पहिल्यापासून होती. तू का मागतेस हे कळेपर्यंत सांगायचं नव्हतं.

बकुळ

१७ ऑगस्ट

ताई,

तुझी मेल मिळाली. या वेळी चांगली लांबलचक. पणजोबांची मुलाखत घ्यायला झाशीला आलेल्या अमेरिकन बाईची मूळ टेप ओल लागून गेली, तुमच्याकडे फक्त टाइप केलेले कागद उरले, त्यात आपल्या भाषेतल्या वाक्यांच्या जागी नुसतं 'मुलाशी त्यांच्या भाषेत बोलतात' एवढंच आहे, आणि उद्घाटनाला पणजोबांचा खरा आवाज ऐकवायचाय म्हणून घरची प्रत हवी. बरं. मानलं. आता माझं ऐक, आणि उभी असशील तर बस.

कॅसेट वाजवायला मशीन नव्हतं. मानिक चौकात विचारलं तर लोक हसले. मग आठवलं, कॉलनीतले हरिभाऊ काका नाट्यसंगीत ऐकतात टेपरेकॉर्डरवर. तू त्यांना ओळखत नाहीस, नाशिकहून बदली होऊन आलेत, भेलमध्ये इंजिनिअर. बायको कमलकाकू. दोघं अगदी शुद्ध मराठी, आपल्यासारखी खिचडी नाही. त्यांच्यासमोर मी जरा जपूनच बोलते.

काकू शेंगा सोलत होत्या. मी म्हटलं, "काकू, टेपरेकॉर्डर द्याल? मला फितूर चढलंय सध्या."

"काय चढलंय?"

"फितूर. आमच्या घराण्यातच आहे ते. पणजोबांपासून."

काकूंनी आधी दाराकडे पाहिलं, बाहेर कुणी आहे का ते. मग हळूच म्हणाल्या, "अगं बाई, असं सांगत सुटतात का कुणी? कुणाला फितूर झाले होते?"

"युनियनला! सगळ्या झाशीला माहितेय."

"म्हणजे मालकाकडे नोकरी करून आतलं सगळं युनियनला सांगायचे?"

"नाही हो काकू, संपात होते ते!"

"मग कुणाचं कुणाला सांगायचे?"

आतून हरिभाऊ काका हसत आले. "अगं कमल, ती हिंदीतलं म्हणतेय. हिंदीत फितूर म्हणजे डोक्यात शिरलेलं खूळ. वेड. हो ना गं?"

"हो. मग मराठीत काय?"

काका हसायचे थांबले. काकूच बोलल्या. "मराठीत फितूर म्हणजे जो आतून शत्रूला जाऊन मिळतो तो. रात्री किल्ल्याचं दार उघडून देणारा. झाशीत जन्मलीस आणि हे माहीत नाही तुला?"

मी टेपरेकॉर्डर उचलला आणि चहा न घेता निघाले. काकूंना वाटलं मी रागावले.

आता टेपवर काय आहे ते लिहिते. १९८२ साल. अमेरिकन बाई इंग्रजीत विचारते, पणजोबा तुटक इंग्रजीत सांगतात, आजोबा मधे मधे मदत करतात. पुष्कळ वेळ नुसत्या भट्ट्यांच्या गोष्टी. पणजोबांचा आवाज तुझ्यासारखा आहे गं, वाक्य संपवताना खाली जाणारा. मग बाई विचारते, "हुडाकचं नाव कंपनीला कुणी दिलं?"

पणजोबा इंग्रजीत म्हणतात, "माझ्याकडे कागद नव्हते. बोटीवरून पळालेलो. कंपनीला ते माहीत होतं."

बाई म्हणते, "म्हणजे?"

मग ते आजोबांकडे वळून मराठीत बोलतात. जसंच्या तसं लिहितेय. "जना, यांना सांग. फितूर मी होतो. आणि हुडाकच्या पोरीला कळव."

आजोबा खोकतात. मग त्यांचं ते साहेबी इंग्रजी, "वडील म्हणतात, ते युनियनसाठी वेडे झाले होते."

बाई कौतुकाने हं हं करते. आणि पणजोबा अगदी हळू, "तसं नाही, जना."

खट्. टेप बंद.

कुणी बंद केली, ताई? बाईला तर काही कळलंच नव्हतं.

बकुळ

२४ ऑगस्ट

ताई,

तू मला उत्तर न देता बाबांना फोन केलास. शहाणी. फोन झाल्यावर बाबा गच्चीत फेऱ्या मारत होते, गुडघा दुखत असताना. मी गेले तर म्हणाले, "बेटा, जो गेला त्याला उकरून काय मिळणार? मुग्धाची नोकरी आहे तिथे."

मी विचारलं, "आजोबांना खरा अर्थ माहीत होता का?"

बाबा कठड्याला टेकले. मग म्हणाले, "बाप दोन वर्षांच्या पोराला टाकून निघून गेला. अठरा-एकोणीस वर्षांनी परत आला. तोवर तुझ्या आजोबांची शाळा हिंदी, दोस्त हिंदी, ऑफिस हिंदी. नसेलही माहीत."

"आणि 'तसं नाही, जना'? ते तर कळलं असेल?"

"त्यांनी सगळ्या मोहल्ल्याला सांगून ठेवलं होतं, बेटा. मेरे पिताजी अमेरिका में हीरो थे. बाप नव्हता ती सगळी वर्षं याच्यावर काढलेली त्यांनी. एका शब्दासाठी ते सोडून दिलं असतं?"

म्हणजे बाबांनाही काही तरी माहीत होतं. या घरात मी सोडून सगळ्यांना थोडं थोडं माहीत होतं, असं आता वाटायला लागलंय.

तुझा आवाजी मेसेज ऐकला. (अनब्लॉक केलंस, थँक्यू.) पोस्टर छापून झालेत, इतक्या वर्षांचं काम आहे, म्हातारीला या वयात धक्का कशाला, 'फितूर'चा अर्थ तिकडे कुणाला कळणार आहे. आणि मग शेवटी, आवाज एकदम गोड, "बकू, तू ये ना इकडे. मी व्हिसासाठी पत्र पाठवते. तुला सगळे फोटो दाखवते."

बकू. आई गेल्यापासून या नावाने कुणी हाक मारली नव्हती.

लपवत नाही. मी त्याच दिवशी सदर बाजारात जाऊन व्हिसाच्या मापाचे फोटो काढले. मनात हॅलोवेपर्यंत पोचले पण होते, तुझ्या घरात सोफ्यावर झोपले होते. स्टुडिओवाला म्हणाला, "मैडम, इधर-उधर नहीं, सीधे कैमरे में देखिए." मी बघितलं. आणि प्रिंट हातात आली तेव्हा त्यात पणजोबा दिसले. तेच डोळे. ज्याला कॅमेऱ्यामागे कोण उभं आहे ते माहितेय, असे.

आता मला सांग, मला बोलावतेस ती बहीण म्हणून, की कॅसेट हातात घेऊन येईन म्हणून? पणजोबांना पण कुणी तरी असंच गोड बोललं असेल. कागद नाहीत ना तुझ्याकडे? करून देऊ आपण. जरा या फोटोतली माणसं ओळखून दे.

त्यांच्यावर मला राग धरता येत नाही, हा एक वेगळाच ताप. परक्या देशात, कागदांशिवाय, मी तरी काय केलं असतं? पण त्यांनी म्हातारपणी तोंड उघडलं होतं, ताई. आपल्या पोराला सांगितलं, त्या पोरीला कळव. ती पोर अजून जिवंत आहे. सोमवारी ती चौदा नंबरची मुलगी ज्याने तिचा बाप दाखवून दिला त्याचे आभार मानणार, आणि तू माइकसमोर उभी राहून म्हणणार, थँक यू, थँक यू?

सोबत कॅसेटचं रेकॉर्डिंग जोडतेय, फोनवर उतरवलेलं. त्या मराठी वाक्यांचं भाषांतर केलेलं नाही. ते तू करायचंस. मी फक्त तुलाच पाठवतेय. संग्रहालयाचा पत्ता लिंकवर आहे, तिथे मेल लिहूनही ठेवली होती, इंग्रजीत, चुका असतील. ती पुसून टाकली. माझ्याकडून कळलं तर तिला नुसती बातमी कळेल. त्यांनी घरच्या माणसाला सांगितलं होतं, ज्याला दोन्ही भाषा येतात त्याला. आता ती तू आहेस.

नंबर कुणी पुसले याचं उत्तर अजून आलेलं नाही.

बकुळ

६ सप्टेंबर

ताई,

तुझी मेल वाचली. खरं सांगू, आधी माझा विश्वास बसला नाही.

तू लिहिलंस की नंबर तूच पुसायला सांगितलेस. फोटोत एकच डोकं मोकळं आहे हे तुला पहिल्याच वर्षी दिसलं होतं आणि तू स्वतःला विचारायचं टाळलंस. हे मी मानलं. पण लगेच मनात आलं, छोटी गोष्ट कबूल केली की मोठी दडवायला सोपी जाते. मग नव्या पोस्टरचा फोटो. आकडे परत आलेत, शब्द तोच ठेवलास, फितूर, खालचा अर्थ तेवढा बदललास. बाबा लगेच म्हणाले, "बघ, केलं तिने." मी म्हटलं, एवढं तर ऋतुराजसुद्धा फोनवर दहा मिनिटांत करून देईल.

मग स्टेलाबाईंचं वाचायला लागले. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तू त्यांच्या घरी गेलीस. आधी आवाज ऐकवलास, मग भाषांतर केलंस. मी वाट बघत होते, आता त्या रडणार. आता तुझा हात धरून म्हणणार, पोरी, तुझा काय दोष, किंवा मला हे कधीपासून माहीत होतं. मला असं काही सापडलं असतं ना, ताई, तर मी लॅपटॉप बंद केला असता आणि तुझ्याशी आयुष्यात बोलले नसते.

तू लिहिलंयस, त्या म्हणाल्या, "त्यातला तो शब्द कुठला?" तू परत लावलंस. त्यांनी परत लावायला सांगितलं. मग स्वतः म्हणून बघितला, "फिटूर." 'टू'चा 'तू' करा म्हणून तू सुधारलं नाहीस.

मग विचारलं, "तो म्हातारा होऊन मेला का? आपल्या बिछान्यात?"

तू हो म्हणालीस.

"मुलं-नातवंडं जवळ होती?"

तू हो म्हणालीस.

त्यांच्या टेबलावर फुलांचा गुच्छ तयार होता, दुसऱ्या दिवशी आपल्या घराण्याला द्यायला आणलेला, वर चिठ्ठी लावलेला. त्यांनी चिठ्ठी काढून खिशात घातली. फुलं पाण्यात ठेवली, आपल्याच खिडकीत. आणि तुला दार दाखवलं. सोमवारी त्या आल्या नाहीत. उद्घाटन कुणी दुसऱ्यानेच केलं, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, आणि तुझ्या नोकरीचं काय होणार हे अजून तुला कुणी सांगितलेलं नाही.

हे वाचलं आणि पटलं. खोटं रचायचं असतं तर तू ती फुलं स्वतःला मिळवून दिली असतीस.

बाबा बाजूलाच बसले होते. ऐकू कमी येतं हल्ली, आणि तुझ्या मेलमध्ये अर्धं इंग्रजी. म्हणाले, "क्या बोली वो बाई? माफ केलं ना?"

त्यांचा चेहरा असा होता की काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं.

मी खुर्ची त्यांच्या कानाजवळ ओढली आणि एकेक वाक्य मराठीत सांगितलं, तू लिहिलं होतंस तसं, फुलांसकट. जिथे शब्द अडला तिथे थांबले, तुला फोन लावून विचारला. रात्रीचे किती वाजले होते तुझ्याकडे, ते बघितलं नाही. तू पहिल्या रिंगला उचललास.

बकू